मंडळीचें सभासदत्व

'मंडळी' हा आपल्या भाषेंतला मोठा सोयीचा शब्द आहे. पंगतींत यजमान हात जोडून 'मंडळी, सावकाश होऊं द्या' म्हणतो, तेव्हां पानावर बसलेले सर्व त्यांत येतात. जुन्या पिढीचा गृहस्थ 'आमची मंडळी माहेरीं गेली आहे' म्हणे, तेव्हां त्यास केवळ पत्नी अभिप्रेत असे. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती लोकांनीं हाच शब्द आपल्या उपासक समुदायास योजिला. ज्या ग्रीक शब्दाच्या जागीं तो आला, त्याचा अर्थ बोलावून एकत्र केलेली सभा असा आहे. दगडविटांची इमारत, घंटेचा मनोरा, रंगीत कांचांच्या खिडक्या यांस मंदिर म्हणावें. मंडळी म्हणजे माणसें. हा भेद आरंभींच ध्यानांत घेतला म्हणजे आजच्या विषयाची निम्मी वाट सरली.

विषय असा कीं, ख्रिस्ती मनुष्य एकाद्या विशिष्ट गांवच्या विशिष्ट मंडळीचा सभासद होतो, तेथील वहींत आपलें नांव घालतो, तेथील नियम पाळण्याचें पत्करतो, हें कशासाठीं ? देव जर सर्वत्र आहे, तर घरच्या कोनाड्यासमोर केलेली प्रार्थना त्यास पोंचत नाहीं काय ? श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे असें आज शहरांतील सुशिक्षित घरांत मानण्यांत येतें, आणि तें पुष्कळ अंशीं योग्यही आहे. मग हें बंधन आपण होऊन गळ्यांत घालून घेण्यांत मनुष्याचें हित काय ?

मी स्वतः ख्रिस्ती नाहीं. नांदेड जिल्ह्यांतील लोहा या तालुक्याच्या गांवीं मास्तरकी करून निवृत्त झालेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एक सामान्य गृहस्थ आहें. या विषयाकडे माझें लक्ष वेधलें तें एका सहकाऱ्यामुळें. माझ्या शाळेंत माझ्याहून पांच-सात वर्षांनीं वडील असे एक ख्रिस्ती गुरुजी होते. पाऊस असो, ऊन असो, दर रविवारीं सकाळीं ते धुतलेले कपडे घालून एस. टी. च्या थांब्यावर उभे राहात आणि जिल्ह्याच्या ठिकाणीं आपल्या मंडळीच्या उपासनेस जात. जावयास तासभर, यावयास तासभर, आणि मध्यें गाडी चुकली तर सारा दिवस गेला. एकदां मीं त्यांस म्हटलें, "गुरुजी, देव काय लोह्यांत नाहीं ? घरींच दोन गीतें म्हणा आणि विसांवा घ्या." ते हंसून म्हणाले, "देव इथंही आहे हो. पण माझं नांव तिथल्या वहींत आहे. मी गेलों नाहीं म्हणजे माझी जागा रिकामी दिसते."

तें उत्तर त्या वेळीं मला विशेष वाटलें नाहीं. त्याचा अर्थ मला पुढें कळला. तो सांगण्यापूर्वीं हें सभासदत्व प्रत्यक्षांत कसें चालतें तें सांगितलें पाहिजे.

ख्रिस्ती घरांत जन्म झाला म्हणजे मनुष्य आपोआप पूर्ण सभासद होतो असें नाहीं. बहुतेक पंथांत लहानपणीं बाप्तिस्मा होतो. पुढें मूल जाणतें झालें म्हणजे त्यास धर्मशिक्षण देऊन, त्याचे विश्वासाचे शब्द त्याच्याच तोंडून सर्वांसमक्ष वदवून घेण्यांत येतात. या विधीस दृढीकरण म्हणतात. आईबापांनीं केलेला संकल्प मुलानें स्वतः उचलावयाचा, असा त्याचा आशय आहे. कांहीं पंथांत बाप्तिस्माच मुळीं जाणत्या वयांत, स्वतःच्या कबुलीनें घेतात. त्यानंतर तो प्रभुभोजनास बसूं लागतो. एका भाकरीचा तुकडा व एका प्याल्यांतील द्राक्षरस सर्वांनीं वांटून घ्यावयाचा हा विधि. मंडळीचा एक पाळक असतो, आणि सभासदांनीं निवडलेले पंच किंवा वडील त्याच्या सोबतीस असतात. वर्गणी, रविवारचें दान आणि खेड्यांत कापणीच्या सणास आणलेलें धान्य, भाजीपाला, कोंबडी, अंडीं यांवर खर्च चालतो. एक कुटुंब गांव सोडून दुसऱ्या गांवीं गेलें तर जुन्या मंडळीकडून दाखला नेऊन नव्या मंडळींत नांव दाखल करावें, अशीही रीति आहे. आम्हां शाळामास्तरांस ही गोष्ट चटकन् उमगते : शाळा सोडल्याचा दाखला घेतल्यावांचून मुलाचें नांव ना या पटावर, ना त्या पटावर.

कॅथलिक लोकांची व्यवस्था थोडी निराळी आहे. त्यांच्यांत गांवांची व वाड्यांची हद्द ठरवून धर्मग्राम आंखलेला असतो. मनुष्य ज्या हद्दींत राहतो त्या धर्मग्रामाचा तो घटक. प्रॉटेस्टंट लोकांचे निरनिराळे पंथ आहेत. त्यांपैकीं सहा परंपरांनीं २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही संयुक्त संस्था स्थापन केली, आणि महाराष्ट्रांतील अनेक जुन्या मिशनांच्या मंडळ्या आज तींत आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारें १० लाख ८० हजार, म्हणजे शेंकडा एकाहूनही किंचित् कमी होती. इतक्या थोड्या लोकांस एकमेकांचा आधार किती मोलाचा वाटत असेल याची कल्पना करावी.

आतां यांत आणि नुसत्या भाविकतेंत काय अंतर आहे तें आपल्याच परिचयाच्या उदाहरणानें स्पष्ट करतों. आमच्या लोहा तालुक्यांत माळेगांव येथें खंडोबाची मोठी यात्रा भरते. हजारों माणसें येतात. घोडे, उंट, गाढवें यांचा बाजार भरतो. भंडारा उधळला जातो. जो येतो तो दर्शन घेतो, खरेदी करतो आणि आपल्या वाटेनें जातो. तो आला किंवा न आला, तरी यात्रेस त्याचा पत्ता नसतो. याउलट पंढरीच्या वारींतील दिंडी पाहावी. दिंडीस क्रमांक आहे, रथाच्या पुढें कीं मागें ही जागा ठरलेली आहे, विणेकरी ठरलेला आहे. मुक्कामीं स्वयंपाक कोणीं करावयाचा, सामान कोणाच्या गाडींत जावयाचें, हेंही ठरलेलें. चालतांना एकाद्या वारकऱ्याचा पाय सुजला तर तो मागें राहिला हें दिंडीस त्याच संध्याकाळीं कळतें. यात्रेकरू आणि दिंडीकरी दोघेही भाविकच. परंतु एकाची गणति नाहीं आणि दुसऱ्याची आहे. ख्रिस्ती मनुष्य उपासनेस कधींमधीं जातो तेव्हां तो यात्रेकरू असतो. सभासद होतो तेव्हां तो दिंडींत शिरतो.

पौल नांवाच्या प्रेषितानें पहिल्या शतकांत करिंथ शहरांतील भांडखोर मंडळीस पत्र लिहिलें, तेव्हां त्यानें शरीराचें उदाहरण घेतलें होतें. डोळा, हात, पाय हे निरनिराळे असून एका देहाचे आहेत. एकास दुखलें कीं सर्वांस दुखतें. आणि दुबळा वाटणारा अवयवच अधिक आवश्यक असतो, असा त्याचा आशय. सभासद म्हणजे संस्थेचा वर्गणीदार नव्हे, तो देहाचा अवयव आहे, ही कल्पना तेथून आली. वर्गणी थांबली तर वर्गणीदार गळतो. अवयव गळाला तर तें शरीर पंगु होतें.

ही कल्पना आपल्या महाराष्ट्रांत रुजली तेव्हां तिची पहिली परीक्षा जातीच्या प्रश्नावर झाली. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस आले. १८३१ च्या अखेरीस अहमदनगर येथें, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांत, त्यांच्या मिशनचें ठाणें झालें. आणि १८३३ साली तेथें मंडळी स्थापन झाली. तिच्या आरंभींच्या सभासदांत मिशनच्या अनाथगृहांतील वृद्ध व अपंग माणसें होतीं, हें मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १८३९ साली हरिपंत खिस्ती या ब्राह्मण गृहस्थानें बाप्तिस्मा घेतला. (खिस्ती हें त्याचें वडिलोपार्जित आडनांव, त्याचा धर्माशीं संबंध नाहीं.) त्याला मनांतल्या मनांत ख्रिस्तास भजतां आलें नसतें काय ? आलें असतें, आणि सोवळेंही सुटलें नसतें. परंतु मंडळीचा सभासद व्हावयाचें म्हणजे प्रभुभोजनाच्या वेळीं महार बांधवाच्या शेजारीं बसून एकाच प्याल्यास ओंठ लावावयाचे. १८५४ च्या सुमारास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि अहमदनगरच्या मंडळ्यांची धुरा एतद्देशीय पाळकांच्या खांद्यावर आली. समतेवर व्याख्यान देणें सोपें आहे; दर महिन्यास त्याच माणसांच्या शेजारीं बसणें कठीण. मंडळी हें कठीण काम करावयास लावते.

या बाबतींत लक्ष्मीबाई टिळकांचा अनुभव फार बोलका आहे. त्यांचे पति, कवि नारायण वामन टिळक, यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून कांहीं वर्षें दूर राहिल्या. मग त्यांच्या घरीं आल्या, परंतु आपलें सोवळेंओवळें त्यांनीं सोडलें नाहीं. तें हळूहळू कसें गळून पडलें हें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्या प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. १९०० साली त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. पतीच्या श्रद्धेस पत्नीनें जाऊन मिळणें एवढीच ती गोष्ट नव्हती. पाण्याच्या एका घागरीभोंवतीं उभारलेली भिंत त्यांनीं पाडली, आणि ज्या लोकांस स्पर्श करावयाचा नाहीं असें लहानपणापासून शिकल्या, त्याच लोकांत त्या आयुष्यभर राहिल्या.

एका समाजांतून बाहेर पडलेल्या मनुष्यास दुसऱ्या समाजानें आधार दिला नाहीं तर काय होतें, याचेंही उदाहरण आपल्या इतिहासांत आहे. १८४३ साली मुंबईस नारायण शेषाद्रि या तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा लहान भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. परंतु तो अल्पवयी म्हणून न्यायालयानें त्यास बापाच्या हवालीं केलें. आतां त्या पोरास जातींत परत घ्यावयाचें कीं नाहीं यावर मोठें रण माजलें. प्रायश्चित्त देऊन त्यास शुद्ध करून घ्यावें, असा पक्ष 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीं घेतला. त्याबद्दल सनातन्यांचा रोष त्यांस सोसावा लागला. समाजाचें सभासदत्व ही वाऱ्यावरची गोष्ट नाहीं. तें गेलें तर बारा वर्षांच्या मुलास घरचें पाणीदेखील दुर्मिळ होतें, हें त्या प्रकरणानें दाखविलें.

थोरला भाऊ नारायण शेषाद्रि पुढें पाळक झाला आणि आमच्या मराठवाड्यांत जालन्यास येऊन राहिला. त्या वेळीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. नवीन ख्रिस्ती झालेल्यांत मांग व महार जातींतील माणसें पुष्कळ. गांवकुसाबाहेरचीं हीं कुटुंबें. धर्म बदलल्यावर गांवकीचीं कामें व त्यांवरचा हक्क यांचाही भरंवसा त्यांस उरला नाहीं. तेव्हां दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यानें जालन्याजवळ बेथेल नांवाचें गांव वसविलें. उपासना, शाळा, शेती, विहीर या सर्वांची एकत्र व्यवस्था झाली. १८७३ साली न्यूयॉर्क येथें भरलेल्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेंत हा फेटेधारी मराठी पाळक भाषण करून आला. परंतु त्याचें खरें काम बेथेलच्या त्या काळ्या जमिनींतच झालें, असें मला वाटतें.

येथें कोणी म्हणेल कीं हें सर्व परक्या पैशावर व परक्या सत्तेच्या छायेखालीं उभें राहिलें. छाया गेली कीं मंडळीही जाईल. या शंकेचें उत्तर वसईकडे आहे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या अमलांत तेथें ख्रिस्ती धर्म पसरला, आणि त्यांत जोरजबरदस्तीचाही भाग होता हें नाकारून चालणार नाहीं. १७३९ साली चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. पोर्तुगीज सत्ता गेली, युरोपियन पाद्री बहुतेक निघून गेले, कित्येक चर्चें ओसाड पडलीं. तरीही गांवोगांवचे ख्रिस्ती लोक गोव्याकडील व स्थानिक धर्मगुरूंच्या आश्रयानें आपापल्या धर्मग्रामांत टिकून राहिले, आणि आपली बोली, आपलीं लग्नगीतें व आपल्या वाड्या राखून आजही तेथें आहेत. त्याच वसईच्या भूमींतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबादेस, म्हणजे आतांच्या धाराशिवास, भरलेल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. राज्य गेल्यावर पावणेतीनशें वर्षें जी गोष्ट टिकते, तिचें मूळ राज्यांत नव्हतें, परस्परांच्या बांधिलकींत होतें, हें उघड आहे.

पैशाचेंही तसेंच. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनीं १९१० पासून एक पद्धति चालविली आहे. दर वेळीं भात शिजवितांना मूठभर तांदूळ वेगळे काढावयाचे. ते गोळा करून विकावयाचे. आणि त्यावर मंडळीचें काम चालवावयाचें. पैसाफंड व मुष्टिफंड हे शब्द जेथें जन्मले त्या महाराष्ट्रास यांतील शहाणपण समजावून सांगावयास नको. मूठ लहान असते, पण ती चुकत नाहीं. श्रीमंताची एकदांच आलेली थैली संपते. रोजची मूठ संपत नाहीं, आणि देणाऱ्या बाईस हें काम आपलें आहे असें रोज वाटत राहतें.

इतकें सांगितल्यावर दोन आक्षेपांचा विचार प्रामाणिकपणें केला पाहिजे. पहिला आक्षेप स्वतः कवि टिळकांच्या आयुष्यांतून निघतो. १९०४ साली पाळकपदाची दीक्षा घेतलेला हा पुरुष १९१७ साली मिशनचें वेतन सोडून मोकळा झाला आणि सातारा येथें त्यानें 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त तेथें बंधु म्हणून एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना. मग वहींतील नांवास टिळकांनीं किंमत दिली नाहीं, असें म्हणावें काय ? मला तसें वाटत नाहीं. टिळकांचें भांडण बांधिलकीशीं नव्हतें. परदेशी मिशनच्या पगारावर जगणाऱ्या, त्याच्याच चालीरीतींनीं वागणाऱ्या मंडळीशीं होतें. त्यांस बंधन कमी नको होतें. तें अधिक आपलें, अधिक मराठी असावें असें हवें होतें. ९ मे १९१९ रोजीं ते वारले, आणि त्यांचा दरबार त्यांच्यामागें फार काळ उभा राहिला नाहीं. परंतु त्यांचीं गीतें मात्र 'उपासना संगीत' या पुस्तकांतून मराठी मंडळ्या आजही दर रविवारीं गातात. ज्यानें मंडळीची कान उघाडणी केली, त्याचीच वाणी मंडळीनें जपली. टीकाकारासही घर लागतें, आणि तें घर त्यास मंडळींतच मिळालें.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. मंडळी म्हणजे माणसें, आणि माणसें म्हटलीं कीं दोष आले. प्याला एक झाला तरी लग्न जमवितांना पूर्वींची जात विचारणारीं घरें ख्रिस्ती समाजांत आजही आहेत. निवडणुका आल्या कीं तट पडतात. मिळकतीचे दावे न्यायालयांत वर्षानुवर्षें चालतात. कोठें पाळक हुकूम गाजवितो, कोठें चार घरें सत्ता बळकावितात. अशा ठिकाणीं भोळ्या माणसाची निष्ठा वापरली जाते, आणि अन्याय झांकण्यासाठीं एकीचें नांव पुढें करण्यांत येतें. तेव्हां सभासदत्व म्हणजे मुकाट्यानें मान डोलावणें असा अर्थ कोणीं घेऊं नये. हिशेब मागणें, पंच नीट निवडणें आणि चुकलेल्यास, मग तो पाळक कां असेना, चूक दाखविणें, हेंही सभासदाचें काम आहे. परंतु हें काम आंतील मनुष्यच करूं शकतो. वाटेवरून जाणारा फार तर नाक मुरडील.

अलीकडच्या संशोधकांनींही या प्रश्नाकडे पाहिलें आहे. २०१० साली अमेरिकेंतील लिम व पट्नम या दोन अभ्यासकांनीं एक पाहणी प्रसिद्ध केली. नियमानें उपासनेस जाणारे लोक आपल्या आयुष्याविषयीं अधिक समाधानी आढळतात. पण तें कां, हें त्यांनीं तपासलें. एकांतांतील प्रार्थना किंवा धर्ममतें यांपेक्षां मंडळींतील मित्रांच्या संख्येशीं हें समाधान अधिक निगडित आहे, असें त्यांस दिसून आलें. मंडळींत मित्र नसलेला मनुष्य कितीही वेळां उपासनेस गेला तरी त्यास तो लाभ दिसला नाहीं. अमेरिकेंतील अनुमान आपल्याकडे जसेंच्या तसें लावूं नये, हें खरें. तरी आमच्या गुरुजींनीं एस. टी. च्या थांब्यावर जें सांगितलें, तेंच हे विद्वान् आंकड्यांनीं सांगत आहेत असें मला वाटलें.

आतां त्या गुरुजींची राहिलेली हकीकत सांगतों. एकदां शेताच्या वांटणीवरून त्यांचें आणि सख्ख्या भावाचें बिनसलें. दोन महिने बोलणें नव्हतें. तेव्हां मंडळीचे दोन पंच त्यांच्या घरीं आले. त्यांतील एक दवाखान्यांत शिपाई होते. त्यांनीं चहा घेतला आणि शांतपणें सांगितलें कीं भावाशीं समेट होईपर्यंत आपण प्रभुभोजनास बसूं नये हें बरें. गुरुजी माझ्याकडे येऊन संतापानें बोलले : "तीस वर्षें मास्तरकी केली, आणि आज एक शिपाई मला शिकवणार !" मीही त्यांचीच री ओढली, कारण मित्राची री ओढणें सोपें असतें. त्यानंतर दोन रविवार ते उपासनेस गेले आणि प्रभुभोजनाच्या वेळीं मागें बसून राहिले. तिसऱ्या आठवड्यांत ते भावाच्या दारीं गेले. वांटणी कशी झाली तें मला ठाऊक नाहीं. पण पुढच्या नाताळास दोन्ही घरांच्या करंज्या एकाच डब्यांतून माझ्या घरीं आल्या.

निवृत्तीनंतर गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला. जिल्ह्याच्या ठिकाणीं त्यांस रुग्णालयांत ठेवलें. मुलगा दूर पुण्यास नोकरींत, पत्नी वृद्ध. आम्ही शाळेंतील सहकारी एकदां सगळे मिळून गेलों, सफरचंदें दिलीं, हळहळ व्यक्त केली. आणखी एकदां मी एकटा गेलों. आमचें त्यांच्यावर प्रेम नव्हतें असें नाहीं. परंतु पुन्हां जाणें हें कोणा एकाचें काम नव्हतें, म्हणून कोणीच गेलें नाहीं. त्या दुसऱ्या भेटींत उशाशेजारच्या भिंतीस चिकटविलेला वहीचा एक कागद माझ्या दृष्टीस पडला. त्यावर सातही वार लिहिले होते आणि प्रत्येक वारापुढें दोन नांवें होतीं. एक दिवसाचें, एक रात्रीचें. गुरुवारच्या रात्रीपुढें त्याच शिपायाचें नांव होतें. असे तीन महिने गेले, आणि त्या बाई एकही रात्र एकट्या राहिल्या नाहींत.

मी घरीं आलों आणि बराच वेळ स्वस्थ बसलों. माझे स्नेही पुष्कळ आहेत. तीस-पस्तीस वर्षांचे विद्यार्थी रस्त्यांत वांकून नमस्कार करतात. परंतु माझ्यावर तसा प्रसंग आला तर भिंतीवर कागद कोण चिकटवील, याचें उत्तर मला देतां येईना. मीं आयुष्यभर कोणत्याच मंडळाचें बंधन मानलें नाहीं आणि त्यास स्वातंत्र्य म्हणत आलों. गुरुजींनीं मात्र तीस वर्षें रविवारच्या गाडीचें तिकीट काढलें होतें. तीन महिन्यांच्या त्या रात्री त्यांस कोणीं दान म्हणून दिल्या नव्हत्या. इतरांच्या आजारांत अशाच रात्री त्यांनींही जागविल्या होत्या, हें मला मागाहून समजलें.

श्रोतेहो, आपण सर्वांनीं ख्रिस्ती व्हावें असें सुचविण्याचा माझा हेतु मुळींच नाहीं. मी तसा झालों नाहीं. जे ख्रिस्ती आहेत आणि शहरांत बदलून आल्यावर आज या मंदिरांत तर उद्यां त्या मंदिरांत, आणि पावसाळ्यांत कोठेंच नाहीं, असें ज्यांचें चाललें आहे, त्यांनीं जुन्या मंडळीचा दाखला आणून जवळच्या मंडळींत नांव घालावें, असें मात्र म्हणेन. प्रवचन रुचेल तेथें जाणें हा कांहीं सभासदत्वाचा पर्याय नव्हे. ज्यांचा धर्म निराळा आहे, त्यांनीं आपल्या परंपरेंतील अशी जागा शोधावी.

मीही ती शोधली. आमच्या गल्लींत एक जुनें भजनी मंडळ आहे; त्यांत मीं गेल्या वर्षीं नांव घातलें. दर एकादशीस टाळ घेऊन बसावें लागतें. माझा सूर लागत नाहीं हें सर्वांस कळून चुकलें आहे, आणि तसें ते स्पष्ट सांगतातही. परंतु मागच्या एकादशीस थोडा ताप होता म्हणून गेलों नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोघेजण दारांत उभे : "मास्तर, काल दिसला नाहीत ?"